हार्डलीचा अर्थ

परवा नात इंग्रजीचा अभ्यास करत होती. "आजी, हार्ड म्हणजे जोरात, पण हार्डली म्हणजे जेमतेम," ती म्हणाली, आणि मला उमरग्याच्या दवाखान्यातला फिनेलचा वास आला.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. माझ्या धाकट्या बहिणीला, सुमनला, घटसर्प झाला होता. तिच्या घशातून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. डॉक्टर तेलंगणाकडचे, त्यांना मराठी येत नव्हतं. सुमनला तपासून ते नर्सशी इंग्रजीत काही बोलले. आमच्यात इंग्रजी शिकणारा एकटा अण्णा, माझा थोरला भाऊ.

"काय म्हनले रं?" मायनं विचारलं.

"हार्डली ब्रीदिंग म्हनले. म्हंजी जोरात श्वास घेतीया."

"व्हय? मग जीव हाय पोरीत," माय म्हणाली. आदल्या दिवसापासून ती उपाशी होती. सुमनचा हात सोडून ती व्हरांड्यात आली आणि तिनं भाकरीचं फडकं सोडलं. दुसरा घास तोंडात होता तेव्हा नर्सनं हाक मारली. सुमन गेली होती.

पुढं माय येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझी सुमी लई झुंजली. शेवटपत्तुर जोरात श्वास घेत हुती."

अण्णाला त्या शब्दाचा खरा अर्थ वर्षभरानं शाळेत कळला. त्यानं तो फक्त मला सांगितला. मायला सांगत नाही म्हणून तेव्हा मी त्याच्यावर चिडले होते. आता नाही चिडत.

अंथरुणाला खिळल्यावरही माय एकदा तेच म्हणाली. पन्नाशीचा अण्णा तिच्या उशाशी बसला होता.

"व्हय माय," तो म्हणाला, "लई जोरात."