राणी कुठल्या बाजूने येणार

नवऱ्याच्या सख्ख्या आत्याचं नाव विचारलं, तर शिवणताई दोनदा डोकं खाजवायची. पण राणीच्या मावसदिराचं लग्न कुठल्या साली मोडलं आणि का मोडलं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी तोंडपाठ. नवरा म्हणायचा, "लग्न माझ्याशी केलं, नांदते मात्र राजवाड्यात." म्हणेना का! कपड्यांच्या मोठ्या दुकानात, जिन्याखालच्या खोलीत बसून दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करायच्या, कोटांची अस्तरं बदलायची, अडकलेल्या चेनी सोडवायच्या. खरं नाव दुकानात कुणालाच ठाऊक नाही, मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांची ती शिवणताई. अशा बाईने मन रमवायला एखादं राजघराणं धरलं, तर त्यात कुणाच्या बापाचं काय गेलं?

आणि धरलं ते चांगली तेवीस वर्षं. राजघराण्यातलं लग्न असो, अंत्ययात्रा असो, नाहीतर नव्या पुलाचं उद्घाटन, ही पहाटेच रस्त्याकडेच्या कठड्याला जाऊन उभी. सोबत घडीचं स्टूल, जेवणाचा डबा आणि एक वही. राणी कुठल्या दाराने उतरली, रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालली, कुठे थांबली, हे सगळं वहीत. सुटीच्या दिवशी राजवाडे. लोकांना पाहायला खुले असलेले सगळे वाडे पालथे घालून झाले होते, काही तर चारचारदा. इतर लोक माना वर करून झुंबरं पाहायचे, ही पडद्यांच्या दुमडी पाहायची. उन्हाळी राजवाड्यात सिंहासनावर जे मखमली छत आहे, त्याच्या एका कोपऱ्यात हाताने केलेलं रफू आहे. ते जगात दोघींनाच ठाऊक होतं, एक ज्या बाईने केलं ती आणि दुसरी शिवणताई.

पण या तेवीस वर्षांत राणी तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. डावीकडच्या माणसाशी बोलली, उजवीकडच्या बाईशी बोलली, एकदा तर कुणाच्या तरी कुत्र्याची चौकशी केली. शिवणताईच्या वाट्याला आला तो एका वर्षी कोपराला घासून गेलेला हातमोजा. बाकी सगळा कोरडा ठणठणाट.

तरी तिने तक्रार केली नसती. पण मधे आली चिमणी.

चिमणी म्हणजे त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारी नर्स. तोंड उघडलं की थांबायची नाही, म्हणून हे नाव. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा सोडून गेला, तेव्हा सुटीच्या दिवशी ती जिन्यात बसून रडत असायची. शिवणताईला दया आली आणि तिने तिला एका मिरवणुकीला सोबत नेलं. ही दया फार महागात पडली. कुठे उभं राहायचं, काय घालायचं, पोलीस हटकतात तेव्हा काय सांगायचं, सगळं शिकवलं हिने, आणि पहिल्याच दिवशी राजपुत्राने फूल घेतलं ते चिमणीच्या हातातलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. त्यात चिमणीचे बत्तीस दात, आणि तिच्या खांद्यामागे शिवणताईचा अर्धा कान.

उन्हाळी राजवाड्यातही तीच गत. शिवणताईने मोठ्या कौतुकाने गाईडला ते रफू दाखवलं. तो म्हणाला, "हो का? पुढे चला, मागचे लोक खोळंबलेत." पुढच्या शयनगृहात चिमणी म्हणाली, "अहो, एवढ्या उंच पलंगावरून राजेसाहेब रात्री पडत नसतील?" गाईड पोट धरून हसला, दोरी बाजूला केली आणि नोकरांचा चोरजिना दाखवायला चिमणीला आत घेऊन गेला. शिवणताई बाहेर दोघींच्या पर्सा सांभाळत उभी. आयत्या पिठावर रेघोट्या ओढाव्यात तर या बाईने! घरी येऊन शिवणताईने तीन पँटी उसवल्या, त्यातली एक उसवायची नव्हतीच.

बरं, चिमणी वाईट म्हणावी तर तेही नाही. शिवणताईचं बोट मशीनच्या सुईखाली गेलं, तेव्हा पंधरा दिवस पट्टी बदलायला वर यायची. त्याचा शिवणताईला आणखीच राग यायचा. माणूस वाईट असेल तर निदान मोकळेपणाने जळता तरी येतं.

मग ती बातमी आली. राणीला आता चालवत नाही. जुन्या राजवाड्याचा दुरुस्त केलेला भाग खुला करायला ती येईल, वाड्यासमोरच्या रस्त्यावरून एकदा चालेल, आणि त्यानंतर पुन्हा लोकांमध्ये उतरणार नाही. शिवणताईने बातमी तीनदा वाचली. म्हणजे आता उरली एकच संधी. एक वाक्य, नाहीतर काहीच नाही.

या कठड्यावरच्या मंडळींची एक रीत आहे. राणी चालते रस्त्याच्या एकाच बाजूने. म्हणून जोडीने आलेल्यांनी दोन बाजूंना उभं राहायचं, आणि जिच्यासमोर राणी थांबेल तिने समोरच्या मैत्रिणीचंही नाव काढायचं. चिमणीला ही रीत शिवणताईनेच शिकवली होती.

आदल्या संध्याकाळी चिमणी वर आली. "ताई, उद्या कुठली बाजू?"

शिवणताईला उत्तर ठाऊक होतं. वही सांगत होती की राणीची पर्स नेहमी डाव्या हातावर, फुलं घ्यायला उजवा हात मोकळा, म्हणून ती नेहमी उजव्या हाताच्या कठड्याने चालते. तेवीस वर्षांत दोनदाच चुकलं होतं, तेही पावसामुळे. या रस्त्यावर उजवी बाजू म्हणजे घड्याळांच्या दुकानाची. समोर बँक.

"तू बँकेकडे उभी राहा," शिवणताई म्हणाली. "तिथे जास्त शक्यता आहे."

"मग तुम्हीच राहा ना तिथे!"

"नको गं, सकाळभर ऊन असतं तिकडे. मला सोसत नाही."

"किती करता हो माझ्यासाठी," चिमणी म्हणाली. शिवणताईने मान खाली घालून सुईत दोरा ओवायला घेतला, तो चार वेळा चुकला.

सकाळी दोघी आपापल्या बाजूला उभ्या राहिल्या. चिमणी समोरून हात हलवत होती. शिवणताईने निळा कोट घातला होता, कॉलरवर स्वतः भरलेली बारीक वेल होती, आणि वाक्य पाठ केलं होतं. रफूचंच वाक्य. राणीला ते नक्की आवडलं असतं.

गाडी आली. दार उघडलं. आधी बाहेर आली ती एक काठी.

काठी राणीने उजव्या हातात धरली होती. म्हणजे फुलांना डावा हात. पर्स तर आज सोबतच्या बाईकडे होती. वहीत काठी कुठेच नव्हती. राणी क्षणभर उभी राहिली, आणि मग सावकाश चालू लागली ती बँकेच्या बाजूने.

करायला गेले एक अन् झालं भलतंच! शिवणताईने कठडा घट्ट धरला. राणी एकेकाची फुलं घेत पुढे सरकत होती. चिमणी दहा हातांवर, पाच हातांवर. आता थांबू नये, एवढंच शिवणताई मागत होती. मला नाही ना, मग हिलाही नको. पण राणी थांबली. बरोबर चिमणीसमोर थांबली, आणि चिमणीचं तोंड सुरू झालं. राणी मान पुढे करून ऐकत होती. ऐकतच होती.

शिवणताईला ते बघवेना. अंगाची लाही लाही झाली. तिने सरळ पाठ फिरवली आणि घड्याळांच्या दुकानाच्या काचेत बघत उभी राहिली. मागून एकदम लोकांचा हर्षाचा गलका उठला. तिच्या रांगेतले सगळे ओरडत होते, हात हलवत होते. मिठीबिठी मारली असेल त्या चिमणीला, शिवणताईच्या मनात आलं, आणि तिने हट्टाने मान वळवली नाही.

राणी वाड्यात गेली. पोलिसांनी कठडे उघडले, तशी चिमणी गर्दीतून वाट काढत धावत आली. डोळे वाहत होते.

"ताई! बोलले मी! बरोबर बोलले!"

"काय बोललीस?" शिवणताईने विचारलं.

"म्हटलं, महाराणी, माझं राहू द्या. समोर निळ्या कोटात माझी ताई उभी आहे. तेवीस वर्षं उभी आहे तुमच्यासाठी. तुमच्या सिंहासनावरच्या छताला एक रफू आहे, ते जगात फक्त तिला दिसलं. एकदा तिच्याकडे बघा." चिमणीला धाप लागली होती. "आणि त्या वळल्या, ताई! काठीसकट अख्ख्या वळल्या! मला मेलीला नुसती त्यांची पाठ दिसली, तुम्हीही दिसला नाहीत. सांगा ना, काय केलं त्यांनी? हात केला?"

कठड्याला शिवणताईच्या शेजारी उभी असलेली बाई स्टूल मिटत होती. तिचे हात थांबले. तिने शिवणताईकडे पाहिलं.

"केला," शिवणताई म्हणाली.

"आणि हसल्या?"

"हसल्या."

"कशा?"

तेवीस वर्षांची राणीची सगळी हसणी शिवणताईला माहीत होती. फोटोतलं, भाषणातलं, लग्नातलं. "ओळखीचं माणूस दिसलं की हसतो ना आपण," ती म्हणाली, "तशा."

चिमणीने तिला मिठी मारली आणि हुंदके देऊन रडू लागली. शेजारची बाई स्टूल काखेत मारून निघून गेली. तिच्या मागोमाग बाकीचे लोक निघाले, आपसात बोलत, हसत. शिवणताई चिमणीच्या खांद्यावरून त्यांच्याकडे बघत राहिली, आणि तिचा जीव जळत राहिला. तिच्यासाठी केलेला तो हात त्या अख्ख्या रांगेने पाहिला होता.