पालखी न थांबणारं दार

धैर्य हे मानवजातीवरच्या निरपेक्ष प्रेमातून जन्माला येतं. पेणच्या कॉलेजात मी हे वाक्य बरीच वर्षं शिकवलं. आधाराला एका परदेशी तत्त्वज्ञाचं लेखन होतं: युद्धकाळात जिवाला धोका असलेल्या शेजाऱ्यांना साध्या शेतकऱ्यांनी घरात लपवलं, आणि पुढे कारण विचारल्यावर, दुसरं काय करणार, एवढंच म्हणाले. मुलं उतरवून घेत. मला मात्र दर वेळी आत्या आठवायची, आणि मानवजातीचा मुद्दा घाईनं संपवावा लागायचा.

आत्या विधवा. रोह्याजवळच्या खेड्यात एकटी राहायची. गावच्या पाटलानं बांध सरकवून तिच्या भातशेतीचा पट्टा खाल्ला, तेव्हा तिनं रोह्याच्या कोर्टात दावा लावला. भांडण गावाबाहेर नेलं म्हणून गावकीनं तिला वाळीत टाकलं. तिच्याशी कुणी बोलायचं नाही, तिचा उंबरा कुणी ओलांडायचा नाही. ओलांडेल तोही वाळीत. शिमग्यात देवाची पालखी दारोदार थांबायची, तिच्या दारावरून तशीच पुढे जायची. पाटील पालखीच्या दांडीखालून तिच्या अंगणाकडे बघून हसायचा, असं तिचं म्हणणं.

पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं आणि दिवे झाकायचा हुकूम आला. गावातला मुसलमान दुकानदार एका संध्याकाळी व्यायलेली शेळी बघायला कंदील घेऊन गोठ्यात गेला. सकाळपर्यंत गावात ठरलं होतं, की त्यानं शत्रूच्या विमानांना खूण केली. विमानांना त्या खेड्यात काय हवं होतं, हे कुणी विचारलं नाही. पाटलामागून माणसं काठ्या घेऊन निघाली. दुकानदार परसातून पळाला आणि पहिल्या उघड्या दारात शिरला. आत्यानं त्याला माळ्यावर कणगीमागे बसवलं आणि स्वतः उंबऱ्याशी तांदूळ पाखडायला बसली.

पाटील म्हणाला, घर बघायचंय. तिनं सूप थांबवलं नाही.

“बघा की. मी काय आडवी येत नाय. पन आधी उंबरा कोन वलांडतो ता सांगा. तुमीच या पाटील. नियम तुमचाच हाय.”

युद्धाच्या वेळी नियम बाजूला ठेवावे लागतात, असं काहीसं पाटील बोलला. मागून एकानं शांतपणे विचारलं, “मग पाटलाला कधीपास्ना वाळीत धरायचा?”

कुणीच आत गेलं नाही. काठ्या घेऊन सगळे दुपारपर्यंत उन्हात उभे राहिले. मग रोह्याहून पोलीस आले, त्यांनी शेळी बघितली आणि माणसांना हाकललं. दुकानदार माळ्यावरून उतरून घरी गेला.

पुढे त्या तत्त्वज्ञाला वाचल्यावर मी आत्याला विचारलं, त्याची दया आली होती का?

“दया? त्याच्या शेळीनं माझा वाल खाल्ला गो. मला पाटील उन्हात बघायचा होता.”

एका दुपारीनं तिचं पोट भरलं नव्हतं. पुढच्या शिमग्याआधी गावकीनं तिच्यावरचा बहिष्कार उठवला. तिला वाळीत ठेवणं आता गावालाच अडचणीचं झालं होतं. पालखी तुमच्या दारी येईल, असा निरोपही आला. अंगणात आलेली पालखी पूजा झाल्याशिवाय खाली टेकवायची नाही आणि माघारीही न्यायची नाही, ही तिथली रीत. पाटील दांडीला खांदा देऊन आला, तर दाराला कुलूप. फाल्गुनातलं ऊन होतं.

आत्या तेव्हा पेणला, दाताच्या डॉक्टरकडे होती. दाढ चांगली होती, असं डॉक्टर मला नंतर म्हणाले, पण बाई काढा म्हणून हटून बसल्या.