बैठकीतून उठून गेलेली टेमर

टेमर ऑल्डरसनला मायल्स फॉसेटची किळस यायची. तिनं हे कधी बोलून दाखवलं नाही. मायल्स तिच्या धाकट्या बहिणीचा, रेचेलचा नवरा. रेचेल जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि मायल्सचं शेत टेमरच्या शेताला लागूनच होतं. मध्ये फक्त एक दगडी गडगा. त्याचे ते मऊ पांढरे हात, केसांचं गोड वासाचं तेल, आणि दर रविवारी प्रार्थनेच्या बैठकीत बोलायला उठण्याआधी घसा खाकरायची ती लकब.

गार्सगिलच्या खोऱ्यात क्वेकर या ख्रिस्ती पंथाची वीसेक माणसं उरली होती. लहानथोर सगळे एकमेकांना नावानं हाक मारत आणि एकेरीतच बोलत. रविवारी अकराला ती माणसं चुन्यानं रंगवलेल्या एका खोलीत बाकांवर येऊन बसत. पाद्री नाही, भजन नाही. तासभर गप्प बसायचं. ज्याला आतून बोलावंसं वाटेल त्यानं उठावं, बोलावं, बसावं. टेमर एकसष्ट वर्षांची होती आणि एकदाही उठली नव्हती.

तिच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून नाही. एकोणीस वर्षांची असताना एका फेब्रुवारीत ती मागच्या अंगणात दुधाच्या बादल्या घासत होती. पाणी बर्फासारखं, बोटं लालबुंद झालेली, बादलीच्या कडेला आंबट साय चिकटलेली. आईशी भांडण झालं होतं आणि मनात तिला ती शिव्या घालत होती. अशात तिच्या आत कुणीतरी येऊन बसलं. बोललं नाही, काही मागितलं नाही, जायची घाई केली नाही. चौथी बादली घासून होईपर्यंत ते होतं. पुढेही ते अधूनमधून यायचं. कोंबड्यांना दाणे टाकताना, चादरी पिळताना, एकदा तर दात काढून घेताना. बैठकीत मात्र क्वचितच. हे तिनं आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं, रेचेलला.

तो १९५३ चा जून. चार दिवस दमट उकाडा होता, वारा पडलेला, आणि मेंढ्यांची लोकर अजून कातरायची होती. बैठकीला जाताना टेमरनं गडग्यावरून पाहिलं तर मायल्सच्या तीन मेंढ्या कळपापासून बाजूला उभ्या होत्या. शेपट्या सारख्या झटकत होत्या, पाय आपटत होत्या. एकीच्या पुठ्ठ्यावर ओला काळपट डाग पसरला होता. हिरव्या माश्या घोंगावत होत्या.

दारातच तिनं मायल्सला गाठलं.

"तुझ्या मेंढ्यांना किडे पडलेत. तीन तरी आहेत. एक तर फार वाईट आहे."

"बघतो ना." मायल्स हसला. "उद्या सकाळी बघतो."

"उद्यापर्यंत आतून पोखरून काढतील."

"टेमर, आजच्या दिवशी तरी जरा मन शांत ठेव." त्यानं तिच्या दंडावर थोपटलं आणि आत गेला. गावातून खास त्याला ऐकायला आलेल्या दोन बायका पहिल्या बाकावर बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघून त्यानं मान लववली.

टेमर शेवटच्या बाकावर बसली. दंडावरची ती जागा तिनं रुमालानं पुसली. अर्धा तास गेला. मग खाकरणं ऐकू आलं.

"मी तरुण असताना," मायल्स म्हणाला, "एका थंडीच्या सकाळी दुधाच्या बादल्या धूत होतो. हात गारठले होते, मनात राग होता. आणि मित्रहो, माझ्या आत कुणीतरी येऊन बसलं."

टेमरला आधी कळलंच नाही. मग त्यानं आंबट साय सांगितली, चौथी बादलीसुद्धा सांगितली. मायल्सच्या बापाकडे कधी गाय नव्हती. पहिल्या बाकावरची एक बाई डोळे पुसायला लागली. टेमरच्या तोंडात कडू पाणी आलं. आपलं उष्टं कुणी तरी उचलून चघळतंय, आणि लोक त्याला प्रसाद म्हणतायत, असं तिला झालं. ती उठली. बाक करकरला, माना वळल्या. मायल्स बोलत असतानाच ती दार उघडून बाहेर पडली.

घरी जाऊन तिनं कातर घेतली, औषधाची बाटली घेतली, रविवारच्या झग्यावर गोणपाट गुंडाळलं आणि गडगा ओलांडला.

काळा डाग असलेल्या मेंढीत पळायचं त्राण उरलं नव्हतं. टेमरनं तिला आडवी पाडली, मानेवर गुडघा ठेवला आणि लोकर कापायला लागली. लोकरीचा चिकट पापुद्रा उचलला गेला आणि खालून वाफ आली. सडकी, गोडसर. मेंढीच्या अंगावर हातभर जागेत अळ्या वळवळत होत्या, एवढ्या दाट की कातडी दिसतच नव्हती. त्या हलल्याचा बारीक आवाज येत होता. टेमरनं हे आयुष्यभर केलं होतं, तरी तिला ओकारी आली. मान वळवून ओकली, बाहीनं तोंड पुसलं आणि पुन्हा कामाला लागली. बोटांनी अळ्या खरवडून काढायच्या, गवतात झटकायच्या, कापायचं, पुन्हा खरवडायचं. काही मनगटावरून बाहीत शिरल्या.

तोंडानं ती मायल्सला बोलत होती. चोर. भुरटा. मेलेल्या बायकोच्या तोंडातलं काढून विकणारा. एकेक शब्द सापडला की तिला बरं वाटत होतं. आणि हे बरं वाटणं तिच्या लक्षात आलं. सहा वर्षं दर रविवारी ती त्या खाकरण्याची वाट बघत होती. तो खाकरायचा, ती मनात नाक मुरडायची, आणि मग उरलेला तास ती स्वतःवर खूश असायची. तिला आपलीच शिसारी आली. ही शिसारी अळ्यांपेक्षा वाईट होती, कारण ती झटकून टाकता येत नव्हती.

तिचे हात थांबले नाहीत. शिव्या मात्र संपल्या. मेंढीचा श्वास तिच्या गुडघ्याखाली वरखाली होत होता. तेवढ्यात ते आलं. नेहमीसारखंच, न बोलता. या घाणीचं त्याला काही वाटत नव्हतं. टेमरला ते आत्ता नको होतं, आणि तिनं तसं मनात म्हटलंही. कारण ते आत आलं तेव्हा मायल्सलाही मनाबाहेर ठेवता येईना. ते बसलंच होतं. तिनं औषध ओतलं आणि दुसऱ्या मेंढीकडे वळली.

दुसरी मेंढी अर्धी कातरून होते तोवर मायल्स आला. सुटातच होता, नाकाला रुमाल.

"लोकांना वाटलं तुला बरं नाही."

"पाय धर हिचे. मागचे."

"माझे कपडे..."

"धर म्हटलं ना."

त्यानं धरले. एक अळी त्याच्या अंगठ्यावर चढली. त्याचा चेहरा पांढरा पडला आणि तो बाजूला वळून भडाभडा ओकला. पण पाय सोडले नाहीत.

"त्या बादल्या माझ्या होत्या, मायल्स."

"रेचेलनं सांगितलं होतं," तो म्हणाला. "शेवटच्या आठवड्यात. तिला वाटलं, मला आधार होईल."

"मग झाला का?"

"नाही. मला कधी काही होतच नाही, टेमर. चाळीस वर्षं बसतोय त्या बाकावर. आत नुसता रिकामा कोठा. ती शांतता मला सोसत नाही, म्हणून उठतो आणि बोलतो. लोकांना आवडतं."

टेमरला दया यायला हवी होती. आली नाही. ओकारीचा आणि तेलाचा वास एकत्र येत होता, आणि या माणसाजवळ आणखी घटकाभर बसायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"तिसरी पकडून आण," ती म्हणाली. "गडग्याच्या कोपऱ्यात रेट, म्हणजे सापडेल."

दोनदा चिखलात पडून त्यानं ती पकडून आणली.

पहिली मेंढी दुसऱ्या दिवशी मेली. बाकीच्या दोन जगल्या. मंगळवारी बैठकीचा वडीलधारा आयझॅक थ्वेट टेमरकडे आला. चहाला नको म्हणाला आणि दारातच उभा राहिला.

"मध्येच उठून गेलीस. इतक्या वर्षांत कधी नाही ते."

"मेंढ्यांना किडे पडले होते."

"शेवटचं हस्तांदोलन होऊन बैठक संपेपर्यंत थांबता आलं नसतं?"

"नाही."

आयझॅकनं मान हलवली. "तू गेल्यावर मायल्स अर्ध्यातच खाली बसला," तो म्हणाला आणि गेला.

पुढे वर्षभर मायल्स बैठकीत उठला नाही. गावातल्या बायका यायच्या बंद झाल्या. एकदा लोकर कातरताना त्यानं टेमरला विचारलं, "ते येतं तेव्हा तू काय करतेस?"

"काही नाही. जे करत असते तेच करते."

"आणि नाही आलं तर?"

"तरी तेच."

तो तिला शेवटपर्यंत आवडला नाही. त्याच्या घरचा चहा तिच्या घशाखाली उतरायचा नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात उकाडा सुरू झाला तेव्हा तो स्वतः रोज सकाळी कळपातून हिंडायचा, रुमाल नाकाला लावून का होईना, एकेका मेंढीचं ढुंगण तपासत. टेमर आपल्या बाजूनं बघायची आणि आपल्या कामाला लागायची.