श्रीपतचे दोन तास

श्रीपत कुडपणचा. आता कुणी त्याच्याविषयी चार चांगले शब्द बोललं की मला बरं वाटायच्या ऐवजी चीडच येते. ते शब्द बोलायची वेळ होती तेव्हा सगळ्यांची तोंडं शिवलेली होती. माझंही. म्हणून आज सांगूनच टाकतो.

मी तेव्हा महाडात एका सरकारी कचेरीत कारकून होतो. कुठल्या ते विचारू नका, पेन्शन त्यांचीच खातो. आमच्या कचेरीने गोरगरिबांसाठी गावाच्या कडेला चोवीस खोल्या बांधल्या होत्या, त्यातली एक मला मिळाली होती. खोल्या बऱ्या होत्या, पण वर स्लॅब, तोही सपाट. आमच्याकडे पाऊस चार महिने धरून कोसळतो. उतरती कौलं सोडून दुसरं छप्पर इथल्या माणसाने कधी घातलं नाही, आणि ज्या शहाण्याने नकाशा काढला त्याने वर पाणी साठायला चक्क मैदान करून ठेवलं! तिसऱ्या पावसाळ्यात खोल्या गळायला लागल्या. मग दर दोन-तीन वर्षांनी मे महिन्यात स्लॅबवर डांबर ओतायचं, वर डांबरी कागद चिकटवायचा, आणि पुन्हा गळायची वाट बघत बसायचं.

या कामाला रस्त्यावरची टोळी यायची. श्रीपत त्या टोळीतला, बारा वर्षं रोजंदारीवर. कशेडीच्या घाटात डांबर तापवून त्याचे हात कोपरापर्यंत डागाळलेले. माणूस तसा अबोल, पण कामाच्या बाबतीत एकदा सुरू झाला की तेच ते सांगून डोकं उठवायचा. डांबराचं पिंप खाली जमिनीवर तापवायचं, वर न्यायचं नाही. पेटलं तर पाणी नाही, वाळू टाकायची. गच्चीवर वाळत घातलेला पेंढा, शेणी, सरपणाची फाटी आधी उतरवायची. आणि शेवटचा जाळ बंद झाला की कुणीतरी दोन तास वर बसून राहायचं, मधूनमधून स्लॅबला हात लावून बघायचं.

या शेवटच्या नियमाला सगळे हसायचे. श्रीपत अंडी उबवत बसलाय, असं बायका म्हणायच्या. आम्हीही हसायचो. हसायला काय जातं?

त्याने हे का धरलं होतं ते मला एकदाच सांगितलं. पोलादपूरकडच्या अशाच एका वसाहतीत काम करताना कागदाचा काठ जाळ फेकणाऱ्या बत्तीने तापवून चिकटवला होता. कोपऱ्यात थोडं धुमसत होतं, ते श्रीपतने पायाने चिरडलं आणि सगळे ट्रकमध्ये बसून निघून आले. दिवेलागणीला तिथल्या दोन खोल्या पेटल्या. सोनाबाई नावाची बाई पाळण्यातलं मूल काढायला आत गेली. मूल वाचलं, तिचे दोन्ही हात भाजले. पुढे तिला भाकरी थापता येईना. “मी बोललो, इझली,” श्रीपत म्हणाला. “माझ्या तोंडानं बोललो.”

त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यात आमच्या स्लॅबचं काम पुन्हा निघालं. त्याच वेळी टोळीतल्या लोकांना कायम करायची यादी तयार होत होती. कच्ची यादी मीच टाइप केली होती, श्रीपतचं नाव तिसरं. त्याला वाचता येत नव्हतं. दोनदा कचेरीत येऊन त्याने ती माझ्याकडून वाचून घेतली, आपलं नाव ऐकलं आणि गेला. बारा वर्षांनी मिळणारी ती एक ओळ त्याला किती हवी होती ते त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. आता नुसतं जून उजाडेपर्यंत नीट राहायचं होतं.

आमच्या चाळीचे दोन तुकडे होते. दोन स्लॅबांच्या मधोमध बोटभर रुंदीचा सांधा, नेमका माझ्या आणि शेजारच्या ठमाबाईंच्या खोलीवर. ठमाबाई सत्तरीच्या, खुबा मोडून खाटेवर पडलेल्या. त्यांच्या माळ्यावर पावसाळ्याची सगळी फाटी रचलेली. कामाच्या दिवशी सकाळी श्रीपत खोलीखोलीला विचारत आला, वरच्या सांध्यात कुणी काही भरलंय का.

मी म्हटलं, “काही नाही. सिमेंट असेल.”

धडधडीत खोटं. आदल्या साली गळतीला कंटाळून मीच त्या सांध्यात डांबरात बुडवलेला काथ्या आणि चिंध्या ठासल्या होत्या. वरून सिमेंटचा हात फिरवला होता. पण सरकारी इमारतीला हात लावायचा नाही, लावला तर खोली काढून घेऊ, अशी नोटीस होती. तीही मीच टाइप केलेली. कबूल कसं करणार?

“बगा हां, भाऊसाहेब,” श्रीपत म्हणाला. “बत्ती तिथनंच फिरनार हाय.”

मी हो हो करून कचेरीत गेलो.

साडेचारला काम उरकलं. ओव्हरसियर नवा होता, त्याला घाई. सगळ्यांना ट्रकमध्ये बसायला सांगितलं. श्रीपत म्हणाला, मी बसतो, चालत येईन. ओव्हरसियर तडकला. याद्यांचे दिवस आहेत, जास्त शहाणपणा महागात पडेल, असं त्याने चारचौघांत सुनावलं. ट्रकवाला मुराद बिचारा इंजिन बंद करून थोडा थांबला, त्यालाही शिव्या बसल्या. ट्रक गेला. श्रीपत वरच बसला.

मी सहाला घरी आलो तेव्हा तो गच्चीत उकिडवा बसलेला होता. साडेसहाच्या सुमारास त्याची हाक आली, म्हातारीला बाहेर काढा म्हणून. आम्ही चौघांनी ठमाबाईंची खाट उचलली. त्या ओरडत होत्या, माझा पानाचा डबा कोण नेतोय म्हणून. माळ्याकडे पाहिलं तर वरून ठिणग्या गळत होत्या, दोन फाटी काळी पडून धुमसायला लागली होती. ती ओढून बाहेर टाकली आणि मी जिन्याने वर धावलो.

श्रीपतने त्याच दिवशी चिकटवलेला कागद कुदळीने फाडला होता, सांध्यावरचं सिमेंट फोडलं होतं. फटीतून धूर येत होता. तो नुसत्या हातांनी आतला लाल झालेला काथ्या उपसून वाळूच्या बादलीत टाकत होता. त्यात एक अर्धवट जळलेलं तांबडं फडकं निघालं. कचेरीत दप्तरं बांधायला वापरतात ते. अख्ख्या वसाहतीत असलं फडकं माझ्याशिवाय कुणाकडे असणार? श्रीपतने फडक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते खोल वाळूत दाबलं. 

सात वाजेपर्यंत सगळं थंड झालं. म्हातारी वाचली, चोवीस खोल्या वाचल्या. नव्या कामाला हातभर भोक तेवढं पडलं.

दुसऱ्या दिवशी ओव्हरसियरला भोक दिसलं. न लागलेली आग त्याला कशी दिसणार? सांध्यात सिमेंट होतं, सिमेंट जळतं का, असं तो विचारायला लागला. आतून काळं झालंय म्हटलं तर म्हणे डांबरच आहे ते. बायकांनी धूर पाहिल्याचं सांगितलं, तर नव्या डांबराला धूर येतोच, हे उत्तर. काळी फाटी दाखवली तर म्हणे चुलीतली, आणि माझ्याबरोबर खाट उचलणारे तिघे पुढे आलेच नाहीत. श्रीपतची वाळूची बादली तिथेच कोपऱ्यात होती. नुसती पालथी केली असती तरी काम झालं असतं. तो हात बांधून उभा राहिला.

मग ओव्हरसियर माझ्याकडे वळला. शिकलेला माणूस, कचेरीतला माणूस. तुम्ही काय पाहिलंत?

माझ्या डोळ्यांसमोर माझी खोली आली, पोरं आली. मी म्हटलं, “मला कचेरीतून यायला उशीर झाला, साहेब.”

ते भोक कुणी बुजवलं नाही. चौकशी चालू आहे, हात लावू नका, हा कचेरीचा हुकूम. पावसाळाभर ठमाबाईंच्या खाटेजवळ धार लागली होती, आणि आग डोळ्यांनी न पाहिलेली म्हातारी दिवसभर श्रीपतच्या नावाने बोटं मोडायची. त्या मेल्यानं माझं छप्पर फोडलंन गो, असं येणाऱ्याजाणाऱ्या बाईला सांगायची. भिंतीपलीकडे मी ऐकायचो. उठून दोन शब्द सांगावेत एवढी धमक माझ्यात नव्हती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं, तेही कधी मारलं नाही.

जूनअखेरीस यादी वरून परत आली. तिसरं नाव खोडलेलं, समोर शेरा: नव्या कामाची नासधूस. पक्की प्रत मीच टाइप केली. श्रीपत आला, टेबलासमोर उभा राहिला, वाचा म्हणाला. मी अकरा नावं वाचली. तो म्हणाला, परत वाचा. त्याला वाटलं, माझ्याकडून एखादं सुटलं. मी परत वाचली.

तो टेबलासमोरून हलेना तेव्हा माझाच तोल गेला. त्याच्यावरच ओरडलो, “ते फडकं का नाही दाखवलंत, श्रीपतदादा? तोंड नव्हतं तुम्हाला?”

“दाखवलं असतं तर तुमची खोली गेली असती,” तो म्हणाला. “पोरांना घेऊन कुठं गेला असता?”

मी यादीचे कागद टाचायला घेतले. मला वाटलं, संपलं.

“पन सकाळी तुमी खरं सांगितलं असतं, तर मी बत्ती तिथं नेलीच नसती,” तो म्हणाला. “मी दारात येऊन इचारलं होतं, भाऊसाहेब. म्हातारी जळून मेली असती.”

तो गेला. आतून साहेबांनी यादी तयार आहे का म्हणून विचारलं. मी तिच्यावर शिक्का मारला आणि आत नेऊन दिली.