नामदेवभाऊंचा पत्रा

आज ग्रुपवर नामदेवभाऊंसाठी हात जोडणाऱ्या निम्म्या लोकांनी एकेकाळी त्यांना डिझेलचोर म्हटलं होतं.

मी तिथेच होते. मला नावं पाठ आहेत.

शेठच्या मुलाने लिहिलंय, 'आमच्या कुटुंबातला माणूस गेला.' कुटुंबातल्या माणसाकडून ट्रकची किल्ली काढून घेतात का रे?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

नव्वदच्या दशकात मी पिंपळगावला याच शेठच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसचं ऑफिस सांभाळायचे. डिझेलचं रजिस्टर माझ्याकडे. नामदेवभाऊ आमचे ड्रायव्हर. माल मुंबईला न्यायचे, रिकामे क्रेट परत आणायचे.

एकदा म्हणाले, "मॅडम, गाडीला वारा लय आडवा येतो."

"म्हणजे?"

"चालत्या गाडीतून हात बाहेर काढून बघा. पंजा उभा धरला का मागं ढकलतो. आडवा केला का सुरीवानी जातो. आपल्या गाडीचा पंजा उभा हाय."

खरंच होतं. ट्रकचा हौदा केबिनपेक्षा चांगला हातभर उंच. समोरचा वारा थेट त्या सपाट भिंतीवर आदळायचा.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी आमच्याकडून 'स्ट्रीमलाइन्ड'ची व्याख्या घोकून घेतली होती. मी माशाची सुबक आकृती काढून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. हा माणूस चौथीत शाळा सोडलेला.

त्यांनी टपावरचं कॅरियर काढलं. नावाची पाटी, गोंडे, सगळं उतरवलं. सातपूरच्या पत्रेवाल्याकडून जुन्या ड्रमचा पत्रा वाकवून घेतला आणि केबिनच्या टपापासून हौद्याच्या वरच्या कडेपर्यंत चढता बसवला. फडफडणारी ताडपत्री गच्च ताणून बांधली.

बाकीचे ड्रायव्हर म्हणाले, "नाम्या, पोरांसाठी घसरगुंडी बसवली का?"

सीझन संपेपर्यंत ॲव्हरेज लिटरमागे जवळजवळ अर्धा किलोमीटर वाढलं.

मी ते रजिस्टर अभिमानाने शेठपुढे ठेवलं. हो, मीच.

शेठनी चष्मा काढला. "मॅडम, मग इतकी वर्षं हे डिझेल कुठे जात होतं?"

"वाऱ्याशी झुंजण्यात, शेठ."

"वारा डिझेल पितो?"

सगळं ऑफिस हसलं. मी कागदावर आकृती काढून समजावलं. शेठनी त्याच कागदावर चहाचा कप ठेवला.

बाहेर ड्रायव्हर लोकांना वेगळीच धास्ती. आता आपल्याकडूनही हेच ॲव्हरेज मागतील. त्यापेक्षा 'नामदेव आधी डिझेल काढत होता' हे सगळ्यांनाच सोयीचं होतं.

नामदेवभाऊंनी एकच मागणं मागितलं. एक फेरी पत्रा लावून, एक पत्रा काढून. माल तेवढाच, रस्ता तोच. कोणीतरी शेजारी बसा आणि डोळ्यांनी बघा.

शेठना वेळ नव्हता.

मग ते माझ्याकडे आले. "मॅडम, तुम्ही चला. तुमच्यासमोर टाकी गच्च भरू. तुमच्या हातानं लिहा."

मी म्हणाले, "बघते."

बाईमाणूस ट्रकमध्ये बसून मुंबईला गेली तर लोक काय म्हणतील, हा विचार केला मी. अख्खं पॅकहाऊस जिच्या जिभेला टरकून असायचं, ती बाई.

गेले नाही.

शेठनी ट्रकची किल्ली काढून घेतली. पत्रा भंगारात गेला. नामदेवभाऊ वणीकडच्या मळ्यांतून क्रेट गोळा करणाऱ्या टेम्पोवर गेले. त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही.

दोन हजारनंतर शेठनी नवे ट्रक घेतले. केबिनच्या टपावर कंपनीनेच बसवलेला फायबरचा बाकदार भाग. तोच आकार. नारळ फोडून शेठ पाहुण्यांना सांगत होते, "याने वारा वरून निघून जातो. डिझेल वाचतं."

नामदेवभाऊ माझ्या शेजारी उभे होते. पेढा तोंडात टाकून हळूच म्हणाले, "कंपनीनं रंग मात्र चांगला दिलाय."

तेव्हा तरी मी शेठना चार लोकांत विचारायला हवं होतं. मीही पेढा खाल्ला.

आज त्यांच्या घरी गेले होते. त्यांच्या मुलीला सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्या वडिलांनी कधी एक थेंबही घेतला नव्हता."

ती म्हणाली, "ते आम्हाला माहीतच हाय, मॅडम. तुम्हाला खरं वाटायचं का नाय, एवढंच अण्णा इचारायचे."

वाटायचं, नामदेवभाऊ. पहिल्या दिवसापासून वाटायचं.

आज सांगून काय उपयोग, ते मला कळतं.

शांतपणे जा. तुमच्या मॅडमचा शेवटचा नमस्कार.