चार्जिंगला लावलेला फोन

एसटी सुटायला थोडा अवकाश होता, तेवढ्यात काकांनी हात पुढे केला. "मोबाईल दे जरा." मला वाटलं, पुण्यातल्या कोणा ओळखीच्याचा नंबर टाकून देणार असतील. वसईच्या स्टँडवर आमचं अर्धं घर मला सोडायला आलं होतं. पप्पा बॅग डिकीत ठेवून घेत होते, आई सुकेळ्यांचा पुडा माझ्या पिशवीत कोंबत होती. घरामागच्या वाडीतली राजेळी केळी उन्हात वाळवून आई दरवर्षी सुकेळी करते, त्यातली चांगली चांगली निवडून तिने माझ्यासाठी बाजूला काढली होती. काकांनी माझ्या फोनवर एक अ‍ॅप टाकलं, दोन-चार ठिकाणी बोट दाबलं आणि मग स्वतःच्या फोनमध्ये बघून खूश झाले. त्यांच्या नकाशावर स्टँडच्या जागी एक निळा ठिपका उगवला होता. "ही बघा आपली पोर," ते सगळ्यांना दाखवत म्हणाले, "आता कुठेही जाऊ दे, डोळ्यांसमोर राहील." मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. सगळे माना वाकवून ठिपक्याकडे बघत होते. एकटी आई तेवढी पिशवीची गाठ पुन्हा पुन्हा आवळत होती.

माझा भाऊ माझ्या आधी नाशिकला शिकायला गेला. त्याला काकांनी बाईकची चावी दिली आणि हेल्मेट घाल म्हणून सांगितलं, बस. तो मित्रांबरोबर गोव्याला जाऊन आला, फोटो घरच्या ग्रुपवर टाकले, तर खाली पहिला अंगठा काकांचा. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, त्याची गोष्ट वेगळी. वेगळी कशी, ते आजवर मला कोणी सांगितलेलं नाही. पप्पांना विचारलं की ते उठून वाडीला पाणी सोडायला जायचे. काकांनी सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीत गाळे घेतल्यापासून आमच्या घरातलं सगळं तेच ठरवतात.

हे मी तुमच्यासाठी लिहितेय, माझ्यासारख्या घर सोडून हॉस्टेलवर राहिलेल्या मुलींनो. आणि ज्या घरीच राहिल्या त्यांच्यासाठी तर जास्तच.

मी सिव्हिल इंजिनिअरिंग घेतलं होतं. कॉलेजात पहिल्याच दिवशी आणखी एक अ‍ॅप टाकायला लावलं, हजेरीचं. फोन कॉलेजच्या आवारात असेल तरच हजेरी लागणार. पुढे कळलं की फोन असला म्हणजे झालं, मालक कँटीनमध्ये असो की पार्किंगमध्ये, कोणाला काही पडलेली नाही. सर पीडीएफ पडद्यावर लावायचे आणि वाचून दाखवायचे. तीच पीडीएफ आदल्या दिवशी आमच्या ग्रुपवर आलेली असायची. जमीन मोजायचं महागातलं यंत्र, टोटल स्टेशन, काचेच्या कपाटात कुलूपबंद. मुलं मोडतील म्हणून हात लावू द्यायचे नाहीत. ते कसं लावायचं याचा व्हिडिओ मात्र होता. आई-वडील पोटाला चिमटा काढून पोरांना पाठवतात ते हा व्हिडिओ बघायला? तो वसईत बसूनही दिसला असता. राग यायचा, पण प्रॅक्टिकलचे मार्क त्याच सरांच्या हातात, त्यामुळे तो गिळायचा.

खरं शिकायची एकच संधी होती, सर्व्हे कॅम्प. डोंगरात जाऊन राहायचं, यंत्र स्वतः लावायचं, जमीन स्वतः मोजायची. कॅम्प केला नाही तर टर्म मिळणार नव्हती, म्हणजे वर्ष वाया. मी घरच्या ग्रुपवर परवानगी मागितली. काकांचं उत्तर आलं, मुलींनी डोंगरात राहायची काय गरज आहे, ऑनलाइन होत नाही का? मी लिहिलं, डोंगर ऑनलाइन मोजता येत नाही. मग काकांचा फोन आला. ठिपका कॉलेजबाहेर दिसला तर त्याच दिवशी गाडी घेऊन येईन आणि शिक्षण बंद, असं त्यांनी शांत आवाजात सांगितलं. ते बोलतात तसं करतात हे मला माहीत होतं. गेले तर घरी बसणार, न गेले तरी घरीच बसणार.

आमच्या हॉस्टेलच्या मुलींनी यावर आधीच तोड काढली होती. मीच एकटी ठिपका नव्हते, बीडची होती, साताऱ्याची होती, एकीचं तर घर पुण्यातच होतं. कोणाला बाहेर जायचं असलं की ती आपला फोन लायब्ररीत बसणाऱ्या मैत्रिणीकडे सोपवायची. माझी रूममेट रेश्मा लातूरची, आमच्याच आवारातल्या कॉमर्स कॉलेजची, ती सीएच्या नादात दिवसभर लायब्ररीतच असायची. तिच्या टेबलावर कधी कधी चार-पाच फोन ओळीने अभ्यास करत पडलेले असायचे. मी माझा फोन त्या ओळीत ठेवला, रात्री रेश्मा तो खोलीवर नेणार होती, आणि कॅम्पला गेले.

तिथे पहिल्यांदा यंत्राला हात लावला. यंत्राचं तीन पायांचं तिकाटणं रोवलं, पातळी दाखवणारा बुडबुडा मधोमध आणला, मैत्रीण समोरच्या टेकाडावर काठी धरून उभी राहिली. उन्हाने मान भाजून निघाली, पायांत काटे मोडले, आणि मला वाटलं, यासाठी मी घर सोडलं. ज्या खुणेपासून निघायचं तिथेच मोजत मोजत परत यायचं असतं. परत आल्यावर मोजणीत थोडा फरक पडतोच. सरांनी शिकवलं की ती चूक एका बाजूच्या माथी मारायची नाही, सगळ्या बाजूंवर वाटून टाकायची. मला आमचं घर आठवलं. तिथे फरक पडला की चूक पोरीचीच.

मैत्रिणीच्या फोनवरून मी आईला फोन लावला. तेव्हा तिच्याकडे बटणांचा साधा फोन होता. आई विरारच्या पूर्वेकडची, भातशेतीतल्या घरातली. आमच्याकडे येऊन इतकी वर्षं झाली तरी तिच्या 'पानी'ला घरात अजून हसतात. फुलपाड्याला मावशीकडे जायचं तरी तिला आधी काकांच्या कानावर घालावं लागतं. तिला मी सगळं सांगितलं, फोन कुठे आहे, मी कुठे आहे. वाटलं, रडेल किंवा ओरडेल.

ती म्हणाली, "तो फोन चार्जिंगला लावून ठेव म्हनावं तुज्या मैत्रिनीला. बंद पडला तर हितं बोंब होईल."

मी कॅम्पहून परतले तेव्हा काकांनी नकाशाचा फोटो ग्रुपवर टाकलेला होता, लायब्ररीवर निळा ठिपका. खाली लिहिलं होतं, आमची मुलगी बघा, दिवसभर लायब्ररीत. सगळ्यांनी हात जोडले होते, अंगठे दाखवले होते. मी खूप हसले आणि मग हसता हसता इतकी संतापले की फोन गादीवर आपटला. माझं कौतुक करायला त्यांना मी लागतच नव्हते.

त्यानंतर काकांना उत्साह आला. भावाचा जुना स्मार्टफोन आईला मिळाला आणि त्यात ते अ‍ॅप आलं. मग काकीच्या फोनवर. सगळ्यांच्या सेफ्टीसाठी, असं ते म्हणाले. सगळ्यांच्या म्हणजे आम्हा तिघींच्या. सातिवलीहून निघून काका संध्याकाळी कुठे बसतात ते कुठल्याच नकाशावर येत नाही.

मे महिन्यात मी न कळवता घरी गेले. ऐन दुपार. काका बाहेरच्या ओट्यावर बसले होते. मला बघून आधी फोनमध्ये माझा ठिपका घरी आलाय का ते बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "आत जा, दोघी घरातच दाखवतायत. चहा टाकायला सांग."

आत कोणी नव्हतं. स्वयंपाकघरात मिक्सरच्या बोर्डाला दोन फोन शेजारी शेजारी चार्जिंगला लावलेले होते, एक आईचा, एक काकीचा. दोन्हीवर हात पुसायचं फडकं नीट पांघरलेलं. मी तिथेच उभी राहिले. बाहेरून काकांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "पडल्यात जरा. मी टाकते चहा." आणि ज्या माणसाचं तोंड बघायची इच्छा नव्हती त्याला आलं घालून चहा करून दिला.

बऱ्याच वेळाने मागच्या दाराने, केळींमधून दोघी आल्या. दोघींच्या साड्यांचे काठ ओले होते, पावलांना वाळू होती. काकी कशावर तरी तोंड दाबून हसत होती. मला बघून थबकल्या. आई मोरीत पाय धुवायला गेली. कुठे गेली होतीस, हे मी विचारलं नाही. या घरात तिला हा प्रश्न एवढ्या वेळा विचारला गेलाय की त्यात मला माझी भर घालायची नव्हती. आनंद झाला का? झाला. पण नातवंडं खेळवायच्या वयाच्या दोन बायकांना समुद्रात पाय बुडवायला चोरून जावं लागतं, याचा संताप त्या आनंदाला पुरून उरला, अजून उरतोय.

शेवटचा पेपर देऊन बाहेर आले त्या दिवशी मी माझा ठिपका बंद केला. काका अजून माझ्याशी बोलत नाहीत. आता मी एका रस्त्याच्या साईटवर काम करते, यंत्र माझ्या ताब्यात असतं. हे लिहायच्या आधी मी आईला विचारलं, काकांनी वाचलं तर? ती म्हणाली, "लिही गं. ते एवढं वाचनार हायेत का? ते ठिपकं बगतात."

ते अ‍ॅप मी काढून टाकलेलं नाही, कारण काकांनी आम्हा तिघींना त्यात एकत्र जोडलंय, त्यामुळे मला आई दिसते. घराची आठवण आली की नकाशा उघडते. केळींच्या हिरव्यात आमचं छप्पर आणि त्यावर दोन ठिपके. ठिपक्याशेजारी फोनची बॅटरी दिसते. दुपारी दोन्ही बॅटऱ्यांवर एकदम चार्जिंगची खूण आली की मी कितीही आठवण आली तरी घरी फोन करत नाही. वाजला तर ओट्यावरून कोणीतरी उचलायला आत जाईल.