फणीच्या वरून कात्री

पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात मी मूर्तींचे डोळे आखते. या कामाला हात स्थिर लागतो आणि तोंड बंद लागतं. हात माझा स्थिर आहे. तोंडाचं कधी जमलं नाही, जमवायचंही नाही.

कारखान्यात एक तांबडी कुत्री आहे. चार पावसाळे ती प्लास्टरच्या गोणींवर झोपते आणि रात्री अनोळखी माणसाला दारात पाय ठेवू देत नाही. यंदा दुसऱ्या कुत्र्यांशी भांडणात तिची मान फाटली. जखम ओली, त्यात प्लास्टरची भुकटी बसली आणि केसांसकट घट्ट गोळा झाला. असे तीन गोळे, शेवटचा कानामागे.

पहिली चूक माझीच, ते आधी सांगून टाकते. मी शाडूच्या मातीत वाढलेली. शाडू कितीही वाळला तरी पाण्यात टाकला की मऊ पडतो, हे मला मुळाक्षरांच्या आधीपासून ठाऊक. म्हणून मी तीन दिवस तिच्या मानेवर कोमट पाणी ओतत राहिले. प्लास्टर कसलं भिजतंय! पाणी तेवढं गोळ्याखाली मुरलं आणि जखम चिघळली. कारखानाभर वास सुटला.

मालकांनी नाकाला रुमाल लावला. "गिऱ्हाईक यायचं दिवस हायत. पुढच्या आठवड्यात टेम्पो धरमतरला जाईल, तवा हिला जेट्टीवर सोडून द्या."

माझं डोकंच फिरलं. जखम चिघळवली मी आणि हाकलायचं तिला? रविवारी भावाची गाडी बोलावली आणि तिला रोह्याला नेलं, माहेरच्या ओळखीतल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे.

"जखम सुकेपर्यंत अंघोळ बंद!" ते माझ्यावर ओरडले. मी ऐकून घेतलं, कारण चुकले होते. जखमेवरचा गोळा त्यांनी काढला, औषध दिलं. मग दुसरा माझ्या हातानं काढायला लावला. तिच्या तोंडाला आधी सैल पट्टी बांधायची, कारण दुखलं की जीव लावलेलं जनावरसुद्धा चावतं. गोळा ओढायचा नाही. ओढला की कातडी वर येते आणि कात्रीत सापडते. फणी कातडीला लागून सरकवायची आणि कात्री चालवायची ती फणीच्या वरून.

कानामागचा गोळा सगळ्यात मोठा. जेवणाच्या सुट्टीत मी रोज त्याचे थोडेसे केस कापायची, सलाईनच्या पाण्यात भिजवलेल्या कापसानं जखमेची कड पुसायची. ती थरथरली की त्या दिवसापुरतं बंद.

"पार्लर काढलंस काय गो?" रंग देणारी काकू हसली.

"व्हय. तुझा पण नंबर लावू काय?"

काकू परत रंगाकडे वळली. दुसऱ्या दिवशी मात्र कुत्रीचं डोकं धरायला तीच आली.

ठरल्या दिवशी टेम्पो दारात लागला. मालक दोरी घेऊन आत आले. माझी फणी कानामागच्या गोळ्याखाली होती.

"उठा बाई. गाडी थांबलीय."

"थांबू दे. हिला नेलंत तर यंदाचे गणपती बिनडोळ्यांचे विका."

"धमकी देतेस मला?"

"व्हय."

आवाज चढला होता, पण हात हलला नाही. उरलेले केस चार वेळा कापले आणि गोळा सुटून माझ्या हातात आला. खाली गुलाबी, अखंड कातडी होती. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. काकूनं पट्टी सोडली, तशी कुत्री उठली, अंग झाडलं आणि आपल्या गोणीवर जाऊन बसली.

मी मालकांच्या हातातली दोरी काढून घेतली आणि त्यांच्या तळहातावर तो केसाळ, पांढरा गोळा ठेवला.

"हा तुमचा माल, तुमच्याच गोणीतला. हा सोडून या धरमतरला."